कोंडवाड्यातली म्हैस आणि वैशाखातला जोंधळा

चोरीची म्हैस मी स्वतः विकत घेतली. भर बाजारात, अंगात वर्दी असताना, बोली लावून घेतली आणि वर विकणाऱ्याचे आभारही मानले. नोकरीतल्या पुष्कळ घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता दरोडा कोणत्या ठाण्यातला, हे आठवायला मला वेळ लागतो. ही म्हैस मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढं उभी राहते आणि रवंथ करत माझ्याकडं बघते.

निजाम सरकारचा अंमल होता. मी बिदर जिल्ह्यातल्या एका कसब्यात अमीन होतो. अमीन म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या वेळच्या माणसांची नातवंडं आज चांगल्या हुद्द्यांवर आहेत आणि त्यांतली काही माझ्याकडं चहाला येतात. मी नवा होतो. कायद्याची कलमं उर्दूतून तोंडपाठ होती आणि कमरेच्या पट्ट्याचं पितळ मी स्वतः घासून चमकवत असे. ते पितळ बघून गुन्हेगार घाबरतात अशी माझी समजूत होती.

कसबा लहान, पण लोकलफंडाची कमिटी जागती होती. हे मी आजही छाती पुढं काढून सांगतो. दिवेलागणीला खांबांवरचे कंदील लागत. सकाळी पेठ झाडून निघे. पटकीची नुसती कुणकुण लागली तरी आडांत लाल औषध पडे. बाजाराच्या दिवशी जनावरांसाठी पाण्याचे हौद भरलेले असत. मुडबीकडून, ठाणाकुशनूरकडून येणारे लोक आमचे कंदील बघून म्हणत, गाव म्हणावं तर हे. असं कुणी म्हटलं की कंदील मीच लावल्यासारखा मी मान डोलवत असे.

या सगळ्यात कोंडवाडा हे सर्वांत कमी मानाचं खातं. मोकाट जनावर कुणाच्या पिकात शिरलं की त्यानं ते धरून कोंडवाड्यात आणायचं. मालकानं दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवून न्यायचं. पंधरवड्यात कुणी आलं नाही तर गावात दवंडी पिटायची आणि बाजाराच्या दिवशी लिलाव करायचा. कमिटी कोंडवाडा स्वतः चालवत नसे. दरसाल त्याचा गुत्ता दिला जाई, म्हणजे ठेका. त्या वर्षीचा गुत्तेदार भला मोठा रुमाल बांधणारा आणि कमरेत वाकून सलाम करणारा माणूस होता. मला तो फार आवडे. जो आपल्याला सलाम करतो तो सज्जन, ही नव्या अमिनाची पहिली चूक असते, आणि मी ती टाळली नाही.

दवंडी खरोखर झाली की नाही याची खातरजमा ठाण्यानं करायची असा नियम होता. मी ती चोख करत असे. दुपारी जेवून खाटेवर आडवा झालो की खिडकीबाहेर हलगी वाजे आणि खणखणीत आवाजात दवंडी ऐकू येई. मी स्वतःच्या कानांनी ऐकली म्हणजे झालीच. संध्याकाळी मी सही करून टाके.

वैशाखाच्या अखेरीला असाच एक लिलाव झाला. मी बंदोबस्ताला उभा होतो. एक म्हैस पुढं आणली. अंगानं भरलेली, काळीभोर, एक शिंग दुसऱ्याहून खाली झुकलेलं आणि कपाळावर पांढरा ठिपका. घरात बरेच दिवस म्हशीची मागणी होती, आणि गुत्तेदार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, असं जनावर पुन्हा यायचं न्हाई." मी बोली लावली. त्यानंतर बाजारात एकही आवाज निघाला नाही. माझी पारख बघून लोक गप्प बसले असं मला वाटलं. आमचे जमादार, जुने दख्खनी मुसलमान, ठाण्यात पाच अमीन येऊन गेलेले बघितलेले, त्यांनी नंतर सांगितलं, "अमिनसाब के ऊपर कौन बोलेगा साब?"

म्हैस दारात आली आणि तिनं दूध द्यायचं नाकारलं.

माझ्या पत्नीनं तिला कुरवाळलं, सरकी घातली, गूळ चारला, मराठीतून विनवण्या केल्या. जमादारांनी दख्खनीतून समजूत काढली. मी लांबून हुकूम सोडला. म्हशीनं तिघांचंही ऐकलं नाही. रोज तांब्याच्या बुडाशी चार घोट पडत आणि मग ती लाथेनं तेही सांडून टाके. मुक्कामी महिना होत आला तशी ती खंगत चालली.

"अहो, लिलावात दुधाचं काही विचारलं होतं का?" पत्नीनं एकदा विचारलं.

"अंगावरून कळतं ते," मी म्हणालो.

"कुणाच्या?"

मी ठाण्यात निघून गेलो. ठाण्यात त्याच दिवशी ती बाई आली.

पन्नाशीची असावी. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. आळंदकडच्या जहागिरीतली, मादन हिप्परग्याच्या पलीकडच्या वस्तीवरची. घरात कानडी, पण मराठी आमच्याइतकंच सहज. आल्या आल्या ती भिंतीला टेकून बसली.

"चोरी लिहून घ्या," ती म्हणाली.

"काय गेलं?"

"म्हस."

"संशय कुणावर?"

"ह्या ठाण्याच्या अमिनावर. त्याच्या दारात बांधलीय. आमच्या गावचा कासार हिकडं बाजाराला बांगड्या घेऊन येतो, त्यानं डोळ्यानं बघितलीय. एक शिंग खाली, कपाळावर टिकली."

जमादार मिशीवरून हात फिरवत छताकडं बघू लागले.

"मीच अमीन," मी म्हणालो.

तिनं मला पायांपासून टोपीपर्यंत बघितलं. "बरं झालं मंग. हुडकायला लांब जायला नको."

मी आवाज चढवला. सरकारी लिलाव, रीतसर दवंडी, हातात पावती, असं सगळं एका दमात सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती.

"कामून वरडायलाव साहेब? मी काय बहिरी न्हाई," ती म्हणाली. "पावती तुमची आसंल. म्हस माझी हाय. दारातनं दावं कापून नेली."

मग तिनं बाहेरच्या लिंबाकडं बोट केलं. झाडाखाली एक रेडकू पडलं होतं. मान जमिनीला टेकलेली, पोटाची खोळ झालेली.

"शेळीचं दूध पाजत पाजत आणलंय. माय मिळाली तर जगंल. न्हाई तर हितंच पुरून जाईन. घरात मी आन् माझी सून. पोरगा राहिला न्हाई. ह्या म्हशीवर दोघी जगायलाव."

रेडकाला जमादारांनी खांद्यावर घेतलं आणि आम्ही माझ्या घरी गेलो. अंगणात पाय ठेवला न ठेवला तोच म्हैस हंबरली. महिनाभरात तिच्या तोंडून मी असला आवाज ऐकला नव्हता. मेल्यासारखं पडलेलं रेडकू खांद्यावरून धडपडत उतरलं आणि तिच्या कासेला जाऊन चिकटलं. बाईनं त्याला पोटभर पिऊ दिलं. मग स्वतः खाली बसली, "बा अव्वा, बा" असं काहीतरी कानडीत पुटपुटली, आणि आमच्या घरातली कळशी पहिल्यांदा फेसानं भरली.

पत्नी दारात उभी राहून हे बघत होती. "आता पावती रेडकाला दाखवता का?" तिनं मला विचारलं.

जमादारांनी मला बाजूला घेतलं. "बाई कू भैंस देके रवाना कर दो साब. कौन पूछता?"

त्यांचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण बाई म्हणाली, "माझी द्याल हो तुम्ही. आमच्या तिकडच्या गावांतनं अजून जनावरं गेलीत, त्यांचं काय?" त्यावर माझं डोकं फिरलं. न्यायाची चाड वगैरे मोठे शब्द मी वापरणार नाही. गुत्तेदारानं मला फसवलं, याचा मला संताप आला होता. तपास सुरू करण्याआधी संशयिताला सावध करायचं नसतं, हे मला शिकवलेलं होतं. मी तडक गुत्तेदाराच्या पेढीवर गेलो आणि दहा माणसांदेखत त्याला म्हणालो, "तुझे चोरीचे धंदे मला कळले आहेत."

तो वाकून सलाम करत राहिला. मी ठाण्यात परत येईपर्यंत तो तहसीलदारांच्या कचेरीत पोचलासुद्धा.

तिथं त्यानं जे सांगितलं ते मला त्याच संध्याकाळी कळलं. कोंडवाड्याच्या लिलावात पोलीस अंमलदारानं जनावर विकत घ्यायचं नाही, असा कायदाच आहे. मला तो पाठ होता. उर्दूतून, कलमासकट. बोली लावताना आठवला नव्हता इतकंच. गुत्तेदारानं हात जोडून अर्ज केला की अमिनसाहेबांच्या दबावामुळं बेकायदा विक्री झाली, तरी ती रद्द करून म्हैस पुन्हा कोंडवाड्यात घालावी आणि येत्या बाजाराला फेरलिलाव व्हावा. तहसीलदार कडक पण सरळ होते. त्यांनी अर्ज मंजूर केला.

आता त्या बाईचं काय होणार ते बघा. म्हैस भटकत येऊन कोंडवाड्यात शिरली, हे कागदावर कायम होतं. सोडवण्याची मुदत टळली होती. चोरी शाबीत झाली तरच तिची म्हैस तिला मिळणार. नाही झाली तर बाजाराच्या दिवशी गुत्तेदाराचाच कुणी माणूस बोली लावून ती कुठल्या कुठं घेऊन जाणार. मी गप्प राहिलो असतो तर म्हैस एव्हाना तिच्या गावच्या वाटेवर असती. माझ्या तोंडामुळं ती पुन्हा चोराच्या दावणीला गेली होती.

बाई रेडकाला घेऊन कोंडवाड्याच्या दाराशी बसली. गुत्तेदारानं रेडकू आत सोडायला चाऱ्याचा वेगळा खर्च मागितला. तिथं मात्र जमादारांनी एकच शब्द उच्चारला, तो मी लिहीत नाही, आणि रेडकू आत गेलं.

म्हैस कोंडवाड्यात आणून घालणारा माणूस गुत्तेदाराचा सालगडी होता. मी त्याला ठाण्यात बोलावलं. मारहाण करायची नाही, हे मी नोकरीच्या पहिल्या दिवशी ठरवलं होतं आणि शेवटपर्यंत पाळलं. मला दुसरी पद्धत माहीत होती. समोर बसवायचं आणि काही न बोलता डोळ्यांत डोळे घालून बघत राहायचं. शांतता सहन न होऊन गुन्हेगार स्वतः बोलू लागतो. मी बघत राहिलो. दुपारचं ऊन, बाहेर चिटपाखरू नाही. बऱ्याच वेळानं त्याची मान खाली गेली. आता रडणार असं मला वाटलं. तो घोरू लागला.

उठवून विचारलं तर त्याचं उत्तर पक्कं होतं. "म्हस मोकाट हुती साहेब. मालकाच्या रानात जोंधळ्यात शिरली. म्या हाकलत कोंडवाड्यात आणली. दुसरं मला ठावं न्हाई." तेच पुन्हा, त्याच शब्दांत. गुत्तेदाराचंही तेच. जनावराला पाय असतात, एका गावचं दुसऱ्या गावाला जातं, त्याला ते काय करणार? जहागिरीतली चोरी जहागिरीच्या ठाण्यात लिहायची, लिलाव आमच्या हद्दीतला. दोन ठाण्यांच्या मध्ये ती म्हैस अशी काही बसली होती की कायद्याला तिच्यापर्यंत जाता येत नव्हतं.

बाजार जवळ येत चालला. मी घरी जेवायला बसलो तर पत्नी कुरकुरत होती. कोंडवाड्यातल्या म्हशीला ती रोज आमच्या घरून वैरण पाठवत होती, कारण गुत्तेदाराच्या चाऱ्यावर तिचा भरवसा नव्हता.

"कडबा संपत आलाय. विकत मिळेनासा झालाय कुठं. रानात बघावं तर एक हिरवी काडी न्हाई. जनावरांनी खावं तरी काय ह्या दिवसांत?"

मी घास तोंडात घेतला होता तो तसाच राहिला.

"काय झालं? खडा लागला का?"

"आपल्याकडं जोंधळा कधी काढतात?"

ती माझ्याकडं कीव आल्यासारखी बघू लागली. "फाल्गुनात. तुमचं लग्न शेतकऱ्याच्या घरात झालंय ना?"

मी हात धुतले. त्या माणसाचं म्हणणं मी स्वतः किती वेळा ऐकलं होतं. जमादारांनी ऐकलं होतं. तहसीलदारांनी ऐकलं होतं. वैशाखात म्हैस जोंधळ्यात शिरली, आणि आम्ही सगळे मान हलवून ते लिहून घेत होतो, कारण कोंडवाड्याच्या प्रत्येक प्रकरणात जनावर जोंधळ्यातच शिरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सालगड्याला बोलावलं. बरोबर गावचे दोन पंच घेतले. जमादार होतेच. या वेळी मी डोळे वटारले नाहीत. उलट चहा दिला.

"म्हैस कुठल्या पिकात शिरली म्हणालास?"

"जोंधळ्यात."

"चांगला होता का जोंधळा?"

"ब्येस हुता की."

"केवढा?"

त्यानं कमरेला हात लावला. "एवढा."

"चल, आम्हाला दाखव."

आम्ही निघालो. रान ओढ्याच्या अलीकडं होतं. कोरडवाहू, काळं, नांगरून टाकलेलं. पाऊस अजून लागला नव्हता, जमिनीला भेगा पडलेल्या. नजर पोचेल तिथपर्यंत ढेकळांशिवाय काही नव्हतं. विहीर नाही, मोट नाही. पंचांपैकी एक जण शेतकरी होता, त्यानं नुसतं रानाकडं बघितलं आणि हसू लपवायला उपरण्यानं तोंड पुसलं.

"कुठं शिरली होती?" मी विचारलं.

सालगडी उभा होता. त्यानं उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं.

"हितंच कुठं तरी, साहेब."

"भैंसने जड समेत खाया क्या की," जमादार म्हणाले. "मिट्टी भी बराबर करके गई."

पंच मोठ्यानं हसले. सालगडीही हसला, आणि हसता हसता खाली ढेकळावर बसला. माझ्या डोळ्यांना जे जमलं नव्हतं ते त्या रिकाम्या रानाला जमलं.

"आळंदच्या अंगानं हाकत आणली," तो म्हणाला. "मुडबीच्या वाटंनं. याच्या आधी पण आणलीत. मालक सांगत्यात ते मी करायलो. सालगडी माणूस, न्हाई म्हणलं तर सालातनं काढतेत."

एवढ्यानं चोरी शाबीत होत होती, पण गुत्तेदार सुटला असता. नोकरानं परस्पर केलं, असं तो म्हणाला असता, आणि म्हणालाही. म्हणून मी हलगीवाल्याला गाठलं. लिलाव सगळे बाजाराच्या दिवशी होत. त्या दिवशी आसपासच्या सगळ्या गावांची माणसं आमच्या कसब्यात असत. मग एकाही मालकाच्या कानावर दवंडी कधीच कशी गेली नाही, एवढंच मला विचारायचं होतं.

हलगीवाला घराच्या सावलीत हलगी तापवत बसला होता. त्यानं मला बसायला पोतं टाकलं.

"बाजाराच्या दिवशी तू दवंडी देत नाहीस?"

"न्हाई. म्या एकदा म्हणालो हुतो गुत्तेदाराला, बाजारात देतो, चार गावची माणसं आसतेत, कुणाचं तरी जनावर आसंल. तर म्हणले, त्या दिवशी तू माझी गाडी खाली कर. दवंडी आधल्या मधल्या दिवशी दे, भर दुपारी."

"दुपारी गावात कोण असतं?"

"कुणी न्हाई."

"मग कुणासाठी देतोस?"

त्यानं हलगी बाजूला ठेवली. "तुमच्यासाठी की, साहेब."

"माझ्यासाठी?"

"गुत्तेदारानं सांगितलंय. अमिनसाहेबांच्या खिडकीखाली हुभं राहून जोरात द्यायची. दुसरीकडं न्हाई दिली तरी चालतंय. म्या म्हणलं साहेबांची झोपमोड हुईल. तर म्हणले, झोपमोड व्हावी म्हणूनच."

जमादार पाठमोरे होऊन भिंतीवरची पाल बघू लागले. त्यांचे खांदे हलत होते.

माझ्या हद्दीत दवंडी फक्त एका माणसाला ऐकू येत होती आणि तो माणूस ती झाल्याची सही करत होता. नियम पाळला जात होता. सही खरी होती. दवंडी खरी होती. गाव तेवढं वगळलं होतं.

बाजाराच्या दिवशी सकाळी तहसीलदारांसमोर सगळं उभं केलं. सालगड्याचा जबाब, पंचांचा पंचनामा, हलगीवाल्याची साक्ष. शेवटी मी स्वतः पुढं झालो. दवंडीवर सही कुणाची, तर माझी. लिलावाला हजर कोण, तर मी. चोरीचा माल कुणाच्या दारात सापडला, तर माझ्याच.

तहसीलदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अमिनसाहब, आप तफतीश करनेवाले हैं, गवाह हैं, या मुलजिम?"

"हुजूर, तपास करणारा, साक्षीदार, आरोपी, थोडा थोडा तिन्ही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ते हसले नाहीत. पण त्यांनी त्याच बैठकीत म्हैस मूळ मालकिणीच्या हवाली करण्याचा हुकूम लिहिला आणि गुत्तेदाराला हवालातीत पाठवलं. जाताना त्यानं मला सलाम केला नाही. पुढं त्याला शिक्षा झाली. सालगड्यानं खरं सांगितलं म्हणून त्याला थोडी सूट मिळाली. आमच्या कोंडवाड्यातून विकली गेलेली जनावरं शोधत आम्ही पावसाळा सरेपर्यंत वणवण केली. सगळी मिळाली नाहीत. मिळाली ती ज्यांची होती त्यांच्या दारात नेऊन बांधली. एका गावात गाय ओळखायला अख्खं गाव जमलं होतं आणि गायीनं सरळ जाऊन एका म्हाताऱ्याचा रुमाल चघळायला घेतला. तिथं मला पंचनामा करावासा वाटला नाही. जिल्ह्याच्या मोहतमीमसाहेबांकडून, म्हणजे आमच्या पोलीस सुपरिंटेंडेंटांकडून, मला ताकीद आली आणि शाबासकी आली. दोन्ही एकाच कागदावर होत्या, आणि ताकीद वर होती.

मला खरा अभिमान आहे तो नंतरच्या कामाचा. कमिटीनं कोंडवाड्याचा गुत्ता कायमचा बंद केला आणि कोंडवाडा आपल्या हातात घेतला. दवंडी बाजाराच्या दिवशी, बाजाराच्या मधोमध, मराठीत, कानडीत आणि उर्दूत द्यायची असं ठरलं. बेवारस जनावर लिलावाआधी एक पूर्ण बाजार पाण्याच्या हौदाशेजारी बांधून ठेवायचं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यानं ते बघावं. शेजारच्या जहागिरींच्या पाटलांना निरोप जायचा. पुढं दुसऱ्या कसब्यांनीही हीच रीत उचलली. गावाची व्यवस्था म्हणजे कंदील, झाडू आणि हौद एवढंच नसतं. जे ऐकायला पाहिजे ते ऐकणाऱ्याच्या कानावर पडतं की नाही, हे बघणंही त्यात येतं. आमच्या कमिटीतल्या अर्ध्या लोकांना सही करता येत नव्हती, पण हे त्यांना एका बैठकीत समजलं. सही करणाऱ्या अमिनाला समजायला म्हैस विकत घ्यावी लागली.

त्यानंतर उभ्या नोकरीत मी एक सवय ठेवली. कुणी काही घडलं म्हणून सांगितलं की मी आधी त्या जागेवर जाऊन उभा राहायचो. कागदावर सगळं जुळत असेल तर नक्कीच जायचो. माझ्या हाताखालचे लोक म्हणायचे, साहेबांना उन्हात हिंडायची हौस आहे.

त्या दिवशी हुकूम झाल्यावर म्हैस बाईच्या हवाली करायचं काम मी स्वतःकडं घेतलं. मान माझाच आहे असं मला वाटत होतं. बाजार भरलेला होता. लोक गोळा झाले. कमिटीचे सभासद होते, तहसीलदारांचे शिपाई होते, माझी पत्नी ओसरीवरून बघत होती. मी पट्टा नीट केला, दावं बाईच्या हातात दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "घ्या बाई. सरकारनं तुमची म्हैस तुम्हाला परत दिली."

बाईनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग पोटाखालून. रेडकू तिच्या पायांत घुटमळत होतं. तिनं म्हशीला एक चक्कर मारली, पुन्हा माझ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि माझ्याइतक्याच मोठ्या आवाजात म्हणाली,

"चोरानं नेली तवा धडधाकट हुती साहेब. ह्या बरगड्या पोलिसाच्या दारातल्या हायत."